निश्चिंतदादा

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे निश्चिंतदादा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण ते त्यांच्याच तोंडून आलेलं होतं. "काय दादा, कसं काय?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "प्रभूच्या कृपेने निश्चिंत." कारखान्यात संप होवो, घराचं छप्पर गळो, सुनेचं बाळंतपण अडो, दादा निश्चिंत. मंडळीतली तरुण मंडळी पाठीमागे म्हणायची, "दादांच्या घराला आग लागली तर ते आधी आभार मानतील, मग बादली शोधतील." हे दादांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

पेशाने ते सेटर. कारखाना दारांच्या बिजागऱ्या बनवायचा. पत्र्यावर दाब देऊन तुकडे कापणारी यंत्रं तिथे रांगेने उभी होती; त्यांना सगळे प्रेस म्हणत. नवा माल आला की प्रेसमधला साचा बदलायचा, नवा साचा जुळवायचा, दोन-चार तुकडे काढून बघायचे आणि यंत्र कामगाराच्या हवाली करायचं, हे सेटरचं काम. साचा बदलताना पुढची लोखंडी जाळी काढावी लागते. कामगाराची बोटं आणि वरून खाली येणारं लोखंड यांच्यामध्ये त्या जाळीशिवाय दुसरं काही नसतं. साचा बसला की जाळी परत लावायची, बोल्ट आवळायचे, मगच कामगाराला हाक मारायची. दादांनी बसवलेला साचा पुन्हा बघावा लागत नाही, असं मॅनेजर नव्या लोकांना सांगत असे. दादांच्या दोन यंत्रं पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ प्रेस चालवायचा. त्याला तिथे कामाला चिकटवून देणारेही दादाच.

धाकटा लग्नाआधी पीत असे. भरपूर पीत असे. नंतर त्याने ती सोडली ती कायमची, आणि मंडळीपुढे उभा राहून तसं सांगितलंही. मंडळीने टाळ्या वाजवल्या. पण सुटलेल्या दारूचं एक असतं. ती माणसाला सोडते, लोकांच्या आठवणीला सोडत नाही.

अपघात झाला त्या दिवशी माल तातडीचा होता. जाळी लावली की पत्रा आत सरकवायला वेळ लागतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दादांनी साचा बसवला आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली. "आजचा दिवस असंच चालव," ते भावाला म्हणाले, "संध्याकाळी लावू." दुपारच्या जेवणाआधी प्रेस एकदा बसून वर गेली आणि पेडलवर पाय नसताना दुसऱ्यांदा खाली आली. धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मॅनेजर खाली आला. जाळी भिंतीशी उभी होती.

"ही कुणी काढली?"

"मी लावून दिली होती," दादा म्हणाले. मॅनेजर काही बोलला नाही. त्या गप्प बसण्यात दादांना धोका दिसला असावा, कारण त्यांनी न विचारता पुढे एक वाक्य जोडलं. "काल रात्री त्याने घेतलेली असावी. जुनी सवय आहे."

एवढंच. कागदावर काय लिहिलं गेलं ते सोडून देऊ. कागदाची गरजच पडली नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य कारखान्यात फिरलं, रविवारपर्यंत मंडळीत पोचलं आणि सोमवारी शाळेत. धाकट्याची मुलगी तेव्हा शाळकरी होती. मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीने तिला विचारलं, "तुझ्या बाबांनी पिऊन बोटं कापून घेतली ना?"

आता या मंडळीच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती घडलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला फिरवण्याआधी पाळक थोडा वेळ थांबतात. पेटी हळू आवाजात वाजत राहते आणि लोक बाकांवरून उठतात. ज्याच्याशी आपलं बिनसलं असेल त्याच्याकडे जायचं, हात धरायचा, क्षमा मागायची, मग मेजाकडे यायचं. याला ते समेटाची वेळ म्हणतात. जुन्या पाळकांनी ही प्रथा घातली तेव्हा ती चेष्टा नव्हती. दोन शेजारी एकमेकांकडे जायला तयार नव्हते म्हणून त्यांनी एकदा भाकर झाकून ठेवली आणि सगळ्यांना घरी पाठवलं, असं म्हातारी माणसं सांगतात. पुढे ते पाळक गेले, दुसरे आले, तिसरे आले. समेटाच्या वेळेत लोक शेजाऱ्याचा हात हलवून मुलांच्या परीक्षा आणि पाण्याची मोटर यांवर बोलू लागले. पेटीवाला त्याला इंटरव्हल म्हणायचा.

दादा मंडळीचे पंच होते. भाकरीचं ताट बाकाबाकाने पुढे देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. अपघातानंतर धाकटा पहिल्यांदा चर्चला आला त्या रविवारी, समेटाच्या वेळी, दादा सगळ्यांच्या देखत त्याच्या बाकापर्यंत गेले. हात पुढे केला. "झालं गेलं विसरून जाऊ," म्हणाले. धाकट्याचा उजवा हात पट्टीत होता. त्याने डावा दिला. बघणाऱ्या बायकांनी डोळे पुसले. दादांनाही भरून आलं. त्या दिवशी आपण भावाशी समेट केला, अशी त्यांची मनापासून समजूत झाली आणि पुढे दर महिन्याला ते तो समेट करत राहिले. पट्टी गेली, जखम भरली. उजवा हात खिशात राहिला, डावा पुढे येत राहिला.

लबाड माणूस म्हणून दादांना बाजूला काढणं सोपं आहे, आणि चूक आहे. ते रोज पहाटे उठून शास्त्र वाचत. आजाऱ्यांना भेटत. दुसऱ्याच्या पापावर त्यांनी कधी चघळून चर्चा केली नाही. त्यांना त्या वाक्याची आठवण नव्हती असंही नाही. ते वाक्य त्यांनी प्रार्थनेत कबूल केलं होतं, रडून केलं होतं, आणि उठताना त्यांना हलकं वाटलं होतं. हलकं वाटलं म्हणजे वरून पावती मिळाली, असं त्यांनी धरलं. देवाघरी खटला मिटला; मग खाली तो पुन्हा कशाला उकरायचा? चाळीस वर्षं चर्चच्या बाकावर बसलेला माणूसच असा हिशेब करू शकतो. बाहेरच्या माणसाला निदान टोचत तरी राहिलं असतं.

धाकट्याची नोकरी गेली. तो एका गोदामाच्या फाटकावर बसू लागला. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. बापाशी ती वाकडं बोलत नसे, बोलतच नसे. तिच्या आईने, म्हणजे दादांच्या भावजयीने, तिला एकदा खरं काय ते सांगून पाहिलं. मुलगी म्हणाली, "आई, तू त्यांचीच बाजू घेणार. मोठे काका खोटं कशाला बोलतील? सख्खे भाऊ आहेत." तिला मूल झाल्यावर ती माहेरी यायची ती सकाळी येऊन संध्याकाळी परत जायची. मुलाला आजोबांजवळ एकटं ठेवून ती कधी अंघोळीलासुद्धा गेली नाही. धाकट्याला ते दिसत होतं. दोनच खोल्यांचं घर, न दिसायला जागा कुठे होती?

मग धाकटा आजारी पडला. यकृताचा कर्करोग. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा दारूचा नाही, जुन्या काविळीचा आहे. पण मंडळीत 'यकृत' एवढाच शब्द पोचला. "शेवटी तेच बाहेर आलं," गायनमंडळातली एक बाई म्हणाली, आणि पुढे, "बिचारा. प्रार्थनेत ठेवू या."

चर्चला येता येईना म्हणून पाळकांनी दादांना भाकर आणि प्याला घेऊन घरी पाठवलं. खोलीत औषधांचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास होता. धाकटा पाठीशी दोन उशा घेऊन बसला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. दादांनी स्टुलावर स्वच्छ रुमाल पसरला, भाकर मोडली, प्रार्थना केली आणि तुकडा पुढे धरला.

धाकट्याने हात पुढे केला नाही.

"गिळवत नाही का? पाण्यात भिजवून देऊ?"

"गिळवतं. घेत नाही मी."

"आज नको वाटतंय?"

"आज नाही दादा. बोटं गेली तेव्हापासून घेतलेली नाही. ताट तूच आणून देतोस माझ्या बाकाला. मी पुढे सरकवतो. तुझे डोळे मिटलेले असतात."

भावजय दारात उभी होती. ती म्हणाली, "मी शेजारीच बसते, भाऊजी. मला दिसायचं."

दादा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "अरे पण मी दर महिन्याला तुझ्याकडे येत होतो. सगळ्यांच्या आधी उठून येत होतो."

"येत होतास. मला दर वेळी वाटायचं, आज बोलेल. तू हात हलवून, 'निश्चिंत राहा' म्हणून जायचास." धाकट्याला धाप लागली. तो थांबला. "माझं तुझ्यावर काही नाही आता. खरंच नाही, ताकदच उरली नाही रागाला. मॅनेजर मेला, कारखाना विकला. तिथे कुणाला सांगू नकोस. फक्त पोरीला सांग. मी असेपर्यंत सांग."

"सांगतो."

"फोन कर तिला."

"सांगतो म्हटलं ना. देवासमोर शब्द देतो."

"देवासमोर नको," धाकटा म्हणाला. "तिला दे."

दादा घरी गेले आणि गुडघे टेकले. त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं की इतकं रडताना तिने त्यांना सासऱ्यांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"फोन केला का?" तिने विचारलं.

"प्रार्थना केली. फार शांती मिळाली."

"अहो, भावजींनी शांती मागितली होती का? फोन मागितला होता."

"योग्य वेळ प्रभू दाखवेल. घाई करून चालत नाही अशा गोष्टीत."

"तुमच्या घाईनेच बोटं गेली त्यांची," बायको म्हणाली. दादांनी ते मनावर घेतलं नाही. त्या आठवड्यात ते नेहमीसारखे जेवले, झोपले, उपासनेला गेले.

वेळ आली ती आपल्या पायांनी चालत आली. पुतणीचाच फोन आला. आईशी बोलून तिचं समाधान झालेलं नव्हतं.

"मोठे काका, खरं सांगा. बाबांचं कितपत आहे?"

"नाजूक आहे, बाळा."

"यकृत म्हणतात. एक विचारू? अजून घेत होते का ते? चोरून?"

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. 'नाही' हा शब्द दादांच्या जिभेवर होता, असं ते स्वतः सांगतात. पण त्या 'नाही'च्या मागे 'तेव्हाही नाही' उभं होतं आणि त्याच्या मागे जाळी. तेवढं फोनवर कसं उलगडायचं? समोरासमोर सांगू, ती आली की सांगू. मध्येच तोंडाला सवयीची भाषा आली.

"आता आपण त्याचा न्याय करू नये, बाळा. क्षमा करायची."

ती म्हणाली, "कळलं. मुलाची परीक्षा चालू आहे. संपली की बघते."

फोन ठेवताना आपण काही वाईट बोललो असं दादांना वाटलं नाही. उलट आपण सौम्य बोललो असं वाटलं. खोटं तर बोललेच नव्हते. त्या दोन वाक्यांना कोणत्याही व्यासपीठावरून कुणी आमेन म्हटलं असतं.

परीक्षा संपायच्या आत धाकटा गेला. शेवटचे दोन दिवस तो दाराकडे तोंड करून पडून होता. भावजय सांगते की पावलांचा आवाज आला की तो डोळे उघडायचा. दोनदा दादा आले. दोनदा त्याने विचारलं, "केलास?" एकदा दादा म्हणाले, "ती येतेय." दुसऱ्यांदा त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि धाकट्याने मान भिंतीकडे वळवली.

प्रेताला अंघोळ घालून कपडे करायला घरातले पुरुष लागतात. घरात पुरुष एकच, दादा. मदतीला शवपेटी बनवणारा सुतार होता. त्याने पांढऱ्या शर्टाची बटणं लावली आणि दादांना सांगितलं, "हात छातीवर घ्या. उजवा खाली, डावा वर. म्हणजे झाकलं जाईल, बरं दिसेल."

दादांनी उजवा हात उचलला. इतक्या वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच धरला होता. तीन बोटांच्या जागी कातडी ताणून शिवलेली, गुळगुळीत, टाचेसारखी टणक. उरलेल्या करंगळीचं नख व्यवस्थित कापलेलं. अंगठ्याच्या कडेला घट्टा होता, कारण सगळी कामं तो दोन बोटांच्या चिमटीत करायला शिकला होता: बटणं, पेन, चमचा. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"दादा, हात," सुतार म्हणाला. "आखडायच्या आत ठेवायला हवेत."

पुतणी तेवढ्यात पोचली. बॅग खांद्यालाच होती. ती दारात थांबली, आत आली नाही.

"झाकू नका," ती सुताराला म्हणाली. "राहू दे दिसत. सगळ्यांना माहीतच आहे."

दादा म्हणाले, "तो प्यायलेला नव्हता."

"काय?"

"त्या दिवशी. आदल्या रात्रीही नाही. लग्नानंतर एक घोटसुद्धा नाही. जाळी मी काढली होती. मीच त्याला तशी चालवायला सांगितली, आणि मॅनेजरला दारूचं मी सांगितलं."

सुतार बाहेर निघून गेला. पुतणीने बॅग खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"त्यांना माहीत होतं, तुम्ही काय सांगितलं ते?"

"हो."

"आणि मी फोनवर विचारलं तेव्हा?"

"मला वाटलं, तू आलीस की..."

"तुम्ही मला क्षमा करायला सांगितलंत, काका. त्यांना. मला वाटलं, म्हणजे हो. म्हणून मी निघाले नाही. तिकीट काढलेलं होतं, रद्द केलं."

"मी देवाजवळ फार रडलो गं. त्याने मला..."

"त्याने केली असेल तुम्हाला क्षमा. तो तुमचा आणि त्याचा प्रश्न." तिने बापाच्या हाताकडे पाहिलं. "माझी पाळी कधी येणार होती? आईची?"

दादांनी सवयीने डोळे मिटले.

"डोळे उघडा," ती म्हणाली. "बाहेर सगळी मंडळी बसलीय. जा आणि सांगा. मला सांगितलंत तसंच."

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. लोक कपबशा घेऊन बसले होते. पाळक होते, गायनमंडळातल्या बाया होत्या, कारखान्यातले दोन-तीन निवृत्त कामगार होते. दादा पायरीवर उभे राहिले तसे कप खाली गेले. भावाबद्दल दोन शब्द बोलतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी जाळीचं सांगितलं. मॅनेजरला काय म्हणाले ते सांगितलं. वाक्यं मध्येच तुटत होती, पण शब्द ऐकू येत होते.

तरुण पाळक लगबगीने उठले आणि त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे, दादा. प्रभू सगळं जाणतो. ही मोठी साक्ष आहे. आपण सगळे मस्तकं लववू या." निम्मी डोकी लगेच खाली गेली. एका बाईने हुंदका दिला.

"थांबा," दादा म्हणाले. "संपलं नाही माझं. साक्ष नाही ही. परवा माझ्या पुतणीने विचारलं, बाबा पीत होते का, आणि मी नाही म्हणालो नाही. त्यामुळे ती आली नाही. तो दाराकडे बघत गेला. एवढं ऐका, मग काय ते करा."

पाळकांचा हात खांद्यावर तसाच राहिला. काढावा की ठेवावा, त्यांना कळेना. निवृत्त कामगारांपैकी एकजण, सगळ्यात म्हातारा, खुर्चीतूनच म्हणाला, "आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. जाळी सेटरशिवाय कोण काढतो? पण म्हटलं, भाऊभाऊ आहेत, एकाच चर्चमध्ये जातात. यांनी आपसात केव्हाच मिटवलं असेल."

भावजय खिडकीत होती. तिने आतून खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळाने सुताराने झाकण बसवलं आणि खांदेकऱ्यांना हाक मारली. डोक्याकडची उजवी बाजू मोठ्या भावाची. दादा पुढे झाले, वाकले.

"तुम्ही नको," पुतणी म्हणाली.

ती ओरडली नाही. पाठीमागच्या माणसांना ऐकूही गेलं नसेल. दादा सरळ झाले, एक पाऊल मागे सरले. त्या जागी तो म्हातारा कामगार येऊन उभा राहिला.